'माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही' म्हणणाऱ्यांना

काठावरचा: परवा इथे एकाने लिहिलं, 'मी गुन्हा केलेला नाही. सरकारने, कंपन्यांनी माझं खुशाल काय ते बघावं.' तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. गेल्या वर्षी मला काखेत गाठ लागली. घरी कुणाला सांगितलं नव्हतं, रात्री उशिरा टॅबवर शोधत बसायचो. चार दिवसांनी मुलीने अभ्यासाला तोच टॅब उघडला, तर वरच कर्करोगाच्या उपचारांची जाहिरात. तिने टॅब पालथा ठेवला आणि विचारलं, "बाबा, तुला काय झालंय?" गाठ साधी निघाली. पण ते तिला कधी आणि कसं सांगायचं, हे मी ठरवणार होतो. मी कुठला गुन्हा लपवत होतो?

सरळरेषा: जाहिरात म्हणजे पाळत नव्हे, गल्लत करू नका. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. एकदा दुपारी घरातून निघून गेले. फोनच्या लोकेशनवरून तीन तासांत सापडले, एका बसथांब्यावर, पायात चप्पल नाही. त्यामुळे मला खासगीपणावर प्रवचन नको. आणि ईमेल, नकाशे वर्षानुवर्षं फुकट वापरताना कुणाला काही खटकलं नाही, ते?

काठावरचा: वडील सापडले, फार बरं झालं. पण तो एका माणसाचा शोध होता, एका दिवसाचा, घरच्यांनी घेतलेला. २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थेची कागदपत्रं फोडणाऱ्या स्नोडेनने उघड केलेला अमेरिकेतला आदेश व्हेरायझन या फोन कंपनीच्या लाखो ग्राहकांच्या कॉलच्या नोंदींचा होता, कुणी कुणाला कधी किती वेळ फोन केला ते रोजच्या रोज त्या संस्थेला द्यायचं. त्यातल्या कुणावर काय संशय होता?

सरळरेषा: नोंदी होत्या, संभाषण नव्हतं! आणि २०१५ मध्ये अपील कोर्टाने ते कायद्यात बसत नाही म्हटलं, त्याच वर्षी नवा कायदा करून नोंदी सरसकट गोळा करणं थांबवलं. म्हणजे यंत्रणा सुधारते.

काठावरचा: सुधारली, कारण एकाने ते फोडलं. आणि नुसत्या नोंदी म्हणजे काय? रात्री दोन वाजता आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनला चाळीस मिनिटं फोन. यात ऐकायचं काय राहिलं? २००६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने साडेसहा लाख लोकांनी इंटरनेटवर घेतलेले सुमारे २ कोटी शोध नावांऐवजी आकडे घालून जाहीर केले होते. पत्रकार त्यावरून एका बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

सांजवारा: तुम्ही नोंदींवर भांडताय, इथे फोन चक्क ऐकतो! मी आणि बहीण स्वयंपाकघरात श्रवणयंत्राबद्दल बोललो. मी काहीही शोधलं नाही. संध्याकाळी माझ्या फोनवर श्रवणयंत्राची जाहिरात!

तारायंत्र: ताई, मी अ‍ॅप बनवण्याचंच काम करतो. दिवसभर ऐकून सगळं वर पाठवायचं म्हटलं तर बॅटरी आणि डेटा दोन्ही चुगली करतील. बहिणीने शोधलं असणार. दोघींचे फोन एकाच वायफायवर, एकमेकींचे नंबर कॉन्टॅक्टमध्ये, तेवढं पुरतं.

सांजवारा: म्हणजे मी खोटं बोलतेय? माझ्या कानांनी ऐकलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं तुम्ही मला शिकवणार?

तारायंत्र: खोटं कोण म्हणतंय? मी सांगतोय ते जास्त वाईट आहे. मायक्रोफोन बंद करता येतो. बहिणीने काय शोधलं त्यावरून तुम्हाला ओळखतात, ते तुम्ही बंद कुठून करणार? माझा खरा राग परवानग्यांवर आहे. टॉर्चच्या अ‍ॅपला लोकेशन कशाला? २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, अशाच एका अ‍ॅपवर कारवाई केली. लोक अटींना होय-नाही म्हणायच्या आधीच ते माहिती पाठवत होतं. आम्हालाही वरून सांगतात, 'मागून ठेव, पुढे लागेल.' मी दोनदा नकार दिला, तर काम दुसऱ्याकडे गेलं.

सरळरेषा: बनवणारेच असं सांगत असतील तर काय बोलणार. आत्ता बसून पाहिलं, माझ्या फोनवर अकरा अ‍ॅपना लोकेशन सतत चालू होतं. नऊंचं बंद केलं. पण वडिलांचं बंद करणार नाही, आणि कोर्टाचा हुकूम असेल तर पोलिसांनी बघावं, या मताला मी चिकटून आहे.

काठावरचा: कोर्टाचा हुकूम, एका माणसापुरता, कारण लिहून. मग माझीही हरकत नाही. पहिल्या दिवसापासून एवढंच मागतोय.

सांजवारा: बहिणीला फोन केला. तिने त्याच दुपारी शोधलं होतं. मायक्रोफोन मी तरीही बंद केलाय.