रकाना, स्तंभ, कॉलम आणि त्यांची रुंदी : शब्दचर्चा

लिपिक

नमस्कार मंडळी. कार्यालयातल्या सहकाऱ्यांसाठी वर्डमध्ये तक्ते कसे करावेत यावर मराठीत एक छोटी पुस्तिका लिहिते आहे. मेनू इंग्रजीतच राहणार, त्यामुळे कुठे क्लिक करायचं हे सांगायला अडचण नाही. अडतं ते समजावताना. ‘ऑटोफिट कंटेंट्स’, ‘ऑटोफिट विंडो’, ‘फिक्स्ड कॉलम विड्थ’ आणि ‘प्रिफर्ड विड्थ’ या चार गोष्टी मराठीत कशा म्हणाव्यात? मला सुचलेले शब्द ‘स्वयंसमायोजन’, ‘स्थिर स्तंभरुंदी’, ‘प्राधान्याची रुंदी’ असे आहेत, पण ते वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहील असं वाटत नाही.

शिवाय कॉलमला रकाना म्हणू की स्तंभ? आणि टेबलला तक्ता, कोष्टक की सारणी?

आखीव कागद

ताई, शेवटचं आधी घेतो. तुमच्या वाचकांसाठी डोळे मिटून ‘रकाना’ घ्या. सरकारी कचेरीत हा शब्द रोजच्या वापरातला आहे. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्कांचा रकाना’ शेतकऱ्यालाही ठाऊक असतो. रकाना आखतात, भरतात, कोरा सोडतात, वाढवतात, ‘शेऱ्याच्या रकान्यात नोंद घ्या’ असं सांगतात. शब्दाच्या आजूबाजूला अशी क्रियापदं आधीपासून नांदत असली की सूचना लिहिणं निम्म्याने सोपं होतं. ‘स्तंभ भरा’ असं कुणी म्हणत नाही. त्यात शाळेत सगळे ‘स्तंभालेख’ काढून आलेले असतात. ‘स्तंभाची रुंदी वाढवा’ म्हटलं की काहींच्या मनात आलेखातला तो उभा पट्टाच येईल.

टेबलला ‘तक्ता’. ‘सारणी’ चुकीचा नाही, गणिताच्या पुस्तकात ‘वारंवारता सारणी’ असते, पण तो शब्द आकड्यांकडे झुकतो. ज्या टेबलात नुसती नावं आणि पत्ते आहेत त्याला सारणी म्हणताना जीभ अडते. ‘कोष्टक’ मला मनापासून आवडतो. मूळ ‘कोष्ठ’ म्हणजे खोली, कोठार, आणि टेबल म्हणजे खोल्याखोल्यांची रचनाच. पण जुन्या पिढीला कोष्टक म्हटलं की बारा इंचांचा एक फूट आठवतो, आणि हिंदी वाचणाऱ्याला कंस. हिंदीत कंसाला कोष्ठक म्हणतात. पुस्तिकेत असा दुहेरी अर्थ नको.

सेलला, म्हणजे तक्त्यातल्या एकेका चौकटीला, ‘घर’ म्हणा. शब्दकोड्याला घरं असतात, सारीपाटाला असतात, कुंडलीलाही असतात. ‘दोन घरं जोडा’, ‘हे घर दोन भागांत तोडा’ असं लिहिलं की मर्ज आणि स्प्लिट वेगळं समजवायला नको.

आता खरा प्रश्न. ‘ऑटोफिट’मधला ‘ऑटो’ मराठीत आणायचा हट्ट सोडून द्या. ‘स्वयं’ लावल्याने काहीच कळत नाही, कारण या पर्यायांतला फरक रुंदी कुणामुळे ठरते हा आहे. मजकुरामुळे, पानामुळे, की तुम्ही लिहिलेल्या आकड्यामुळे. मराठीला हे सांगायला नवं नाम घडवावं लागत नाही, शब्दयोगी अव्ययं पुरतात:

‘ऑटोफिट कंटेंट्स’ म्हणजे मजकुराप्रमाणे रुंदी.
‘ऑटोफिट विंडो’ म्हणजे पानाइतकी रुंदी.
‘फिक्स्ड कॉलम विड्थ’ म्हणजे ठरवून दिलेली रुंदी, किंवा नुसती ‘ठरीव रुंदी’.

‘विंडो’चं ‘खिडकी’ करू नका. छापायच्या कागदावर तो पर्याय निवडला की तक्ता डाव्या समासापासून उजव्या समासापर्यंत पसरतो. तुमच्या वाचकाला दिसतं ते पान, तेव्हा पानच म्हणायचं. पान आडवं केलं तर असा तक्ता आपोआप रुंद होतो. ठरीव रुंदीचा होत नाही, उजवीकडे कोरी जागा उरते. हा फरक पुस्तिकेत जरूर दाखवा. नावाचा अर्थ त्यातच उलगडतो.

कंपोझिटर

रकान्याला माझा विरोध नाही, पण ‘कॉलम’ हा शब्द परका ठरवून बाहेर काढू नये. वर्तमानपत्राच्या छपाईत तो पुरता मराठी झालेला आहे. ‘दोन कॉलमी बातमी’, ‘आठ कॉलमी मथळा’ हे आम्ही वर्षानुवर्षं बोलतो. जाहिरातीची जागा ‘कॉलम सेंटिमीटर’वर मोजली जाते. ज्या शब्दाला मराठी ‘ई’ लागून विशेषण होतं आणि कुणालाच ते खटकत नाही, तो शब्द आपला झाला.

फरक मात्र करायला हवा. वर्डमध्ये दोन निराळ्या गोष्टींना कॉलम म्हणतात. एक, तक्त्यातला उभा भाग. दुसरी, ‘लेआउट’मध्ये जाऊन सबंध मजकूर वर्तमानपत्रासारखा दोन-तीन उभ्या पट्ट्यांत वाहवायचा, तो कॉलम. पहिल्यात प्रत्येक घर आपापलं असतं. दुसऱ्यात एका पट्टीचा तळ आला की मजकूर पुढच्या पट्टीच्या माथ्यावर जातो. माझा आग्रह असा की पहिल्याला ‘रकाना’ आणि दुसऱ्याला ‘कॉलम’ असं पक्कं वाटून टाकावं. इंग्रजीला जो भेद एका शब्दात करता येत नाही तो आपल्याकडे दोन शब्द असल्यामुळे सहज होतो. ‘स्तंभ’ मग स्तंभलेखकांकडेच राहू दे.

लिपिक

कंपोझिटर काका, ही वाटणी फारच उपयोगी आहे. दोन्ही गोष्टी पुस्तिकेत येणार आहेत आणि लोक त्यांत हमखास गोंधळतात. ‘पानाइतकी’, ‘मजकुराप्रमाणे’ हेही उचलते.

‘प्रिफर्ड विड्थ’ अजून सुटलेलं नाही. ‘पसंतीची रुंदी’ लिहिलं तर लग्नाच्या बस्त्यासारखं वाटतं. आणि ती फिक्स्डपेक्षा वेगळी कशी? दोन्हीकडे आकडा आपणच घालतो ना?

आखीव कागद

आकडा आपणच घालतो, पण वर्ड तो पाळेलच असं नाही, हाच फरक आहे. म्हणून मी ‘अपेक्षित रुंदी’ म्हणेन. अपेक्षा पुरी होते किंवा होत नाही, आणि इथे नेमकं तेच घडतं.

तक्त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कॉलम’ या टॅबवर तुम्ही 2.5 सेंमी लिहिलंत. ‘टेबल’ टॅबवरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये मजकुराप्रमाणे आपोआप आकार बदलण्याची खूण चालू असेल, तर रकान्यात लांब शब्द येताच वर्ड तुमचे 2.5 सेंमी बाजूला ठेवतो आणि रकाना शब्दापुरता फुगवतो. ती खूण काढली की रुंदी ठरीव झाली. मग रकाना हलत नाही, शब्दच मधे तुटून खालच्या ओळीवर जातो. म्हणजे ‘अपेक्षित’ आणि ‘ठरीव’ ही एकाच आकड्याची दोन नावं नाहीत. पहिली आपली मागणी आहे, दुसरी त्या मागणीची अंमलबजावणी. पुस्तिकेत हे दोन शब्द कधीही एकमेकांच्या जागी वापरू नका, नाहीतर ‘आकडा घातला तरी रकाना सरकतो’ ही तक्रार कायम राहील.

यात मराठीचा आपला असा एक भाग आहे, त्यावर जरा थांबतो. हिंदीत ‘ज़िलाधिकारियों के द्वारा’ हे तीन शब्द आहेत, मधल्या मोकळ्या जागेवर ओळ मोडते. आपण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जोडून लिहितो. ‘उपजिल्हाधिकाऱ्यांमार्फत’ हा एकच शब्द. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ हाही एकच. मजकुराप्रमाणे रुंदी चालू असेल तर असा एक शब्द सगळा तक्ता आपल्याकडे खेचून घेतो आणि शेजारचे रकाने चिरडतात. इंग्रजी नमुना समोर ठेवून मराठी तक्ता केला की तो बेढब दिसतो याचं हे एक मोठं कारण आहे. मराठी तक्त्यात तपशिलाचा रकाना आधीपासून रुंद धरायचा आणि मथळ्यात शक्यतो मूळ रूप ठेवायचं. ‘लाभार्थ्यांच्या नावांप्रमाणे’ असं न लिहिता ‘लाभार्थी’ एवढंच लिहावं.

प्रत्यक्ष हिशेब असा. उभा ए-फोर कागद 21 सेंमी रुंद. दोन्हीकडे 2.54 सेंमीचा समास सोडला की मजकुराला 15.92 सेंमी उरतात. नेहमीचा पाच रकानी तक्ता घेऊ: अ.क्र. 1.4, तपशील 6.5, दिनांक 2.5, रक्कम 2.7, शेरा 2.82. बेरीज बरोबर 15.92. पण 2.5 सेंमीच्या दिनांकाला लिहायला 2.5 मिळत नाहीत. वर्ड प्रत्येक घरात डावीकडे आणि उजवीकडे 0.19 सेंमी आपणहून सोडतो, म्हणजे हातात येतात 2.12. या आतल्या सोडलेल्या जागेला ‘घराचा समास’ म्हणा. पानाचा समास कचेरीत सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे घराचा समास लगेच कळतो. ‘समास’ म्हटल्यावर द्वंद्व आणि तत्पुरुष आठवणारे भेटतील, पण संदर्भ इतका स्पष्ट आहे की अडणार नाही.

मुक्तस्रोत

पुस्तिकेत लिब्रेऑफिसलाही (वर्डसारखंच काम करणारं मोफत सॉफ्टवेअर) जागा द्या. तिथे तक्त्याची रुंदी बदलायला गेलेला माणूस पहिल्याच पायरीवर अडतो, कारण रुंदीचा चौकोन करडा असतो, त्यात लिहिताच येत नाही. ‘अलाइनमेंट’ला ‘ऑटोमॅटिक’ निवडलेलं असतं तोवर तक्ता पानाइतकाच राहतो. ते बदलून ‘लेफ्ट’ किंवा ‘सेंटर’ केलं की चौकोन उघडतो. शेजारची ‘रिलेटिव्ह’ची खूण केली तर सेंटिमीटरऐवजी टक्के. त्याला ‘सापेक्ष’ न म्हणता ‘टक्केवारीने’ म्हटलेलं बरं.

रकान्यांच्या टॅबवर दोन खुणा आहेत, त्यांच्यासाठी शब्द सुचवतो. ‘अडॅप्ट टेबल विड्थ’ म्हणजे ‘रकान्याबरोबर तक्ताही वाढवा’. ‘अॅडजस्ट कॉलम्स प्रपोर्शनली’ म्हणजे ‘सर्व रकाने प्रमाणात बदला’. नामापेक्षा अशी सरळ आज्ञाच लिहिली तर माणूस काय होणार ते ओळखतो.

तिथल्या ‘ऑप्टिमल कॉलम विड्थ’ला मात्र समाधानकारक शब्द सापडलेला नाही. ‘इष्टतम’ कोशातला आहे, कुणाच्या तोंडात नाही. ‘बेताची रुंदी’ कशी वाटते?

कंपोझिटर

‘बेताची’ नको. ‘बेताची परिस्थिती’, ‘बेताचीच उंची’ यांत कमीपणाची छटा आहे. वाचणाऱ्याला वाटेल रुंदी अपुरीच ठेवायची आहे. ‘पुरेशी’ही नको, पुरेशी म्हणजे किमान. ‘जेवढ्यास तेवढी’ हा अर्थ इथे चपखल आहे, पण नाव म्हणून लांब पडतो. मी ‘माफक रुंदी’ घेईन. माफक म्हणजे कमीही नाही, जादाही नाही, गरजेच्या मापाची.

आखीव कागद

‘माफक’ला माझं मत. ‘डिस्ट्रिब्यूट कॉलम्स’साठी ‘वाटणे’ हे क्रियापद वापरा: ‘रुंदी सारखी वाटा’. ‘वितरित करा’ लिहिलं की कचेरीत टपाल वाटल्यासारखं होतं. आणि ‘समान’पेक्षा ‘सारखी’.

माउसने रेघ ओढण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण रोज तेच करतात, म्हणून वर्डमधल्या तीन तऱ्हा सांगतो. नुसती रेघ ओढली तर एका रकान्याचं जेवढं वाढतं तेवढं शेजाऱ्याचं कमी होतं, तक्ता तेवढाच राहतो. शिफ्ट दाबून ओढली तर उजवीकडचे रकाने आपली रुंदी न बदलता सरकतात आणि तक्ताच मोठा किंवा लहान होतो. कंट्रोल दाबून ओढली तर तक्ता तेवढाच, पण उजवीकडचे सगळे रकाने प्रमाणात बदलतात. ऑल्ट दाबून ठेवलं तर वरच्या मोजपट्टीवर प्रत्येक रकान्याचं माप दिसतं. यांना नावं देण्याच्या फंदात पडू नका. ‘शेजाऱ्याकडून घ्या’, ‘तक्ता वाढवा’, ‘सगळ्यांत वाटा’ असं काय होतं ते सांगा. ‘बॉर्डर’ला इथे ‘रेघ’च. ‘सीमा’ देशाला असते, ‘किनार’ लुगड्याला. ‘ड्रॅग’साठी ‘ओढा’ पुरतं, ‘कर्षण’ वगैरे नको.

लिपिक

सगळं टिपून घेतलं. व्याकरणाचं एक विचारायचं होतं. ‘रकान्याची रुंदी’ की ‘रकाना रुंदी’? मेनूची नावं सांगताना दुसरं आटोपशीर वाटतं, पण वाचताना खटकतं.

कंपोझिटर

खटकतं ते बरोबरच आहे. ‘रकाना रुंदी’ ही इंग्रजीची बांधणी आहे, प्रत्यय गाळून दोन नामं शेजारी ठेवलेली. मराठीत षष्ठी हवी: ‘रकान्याची रुंदी’, अनेक असतील तर ‘रकान्यांची रुंदी’. अनुस्वार जपा, कारण सूचनेत तो फार मोठं काम करतो. ‘रकान्याची रुंदी बदला’ म्हणजे एकाचीच, ‘रकान्यांची’ म्हणजे निवडलेल्या सगळ्यांची. छपाईत तो टिंब उडाला तर माणूस सबंध तक्ता निवडायचा सोडून एकाच रकान्यात आकडा घालत बसेल. शंका वाटेल तिथे सरळ ‘सर्व रकान्यांची’ लिहा.

लिपिक

आभार, काका. आणि ‘रिपीट हेडर रोज’ (Repeat Header Rows)? ‘शीर्ष पंक्ती पुनरावृत्ती’ असं काहीतरी झालंय माझ्याकडून, ते बदलायचं आहे.

आखीव कागद

‘मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर’. क्रियापदही नको, खूण केली की कळतं. फक्त एवढं लिहा की ही खूण तक्त्याच्या पहिल्या ओळीत कर्सर ठेवून करायची. तिसऱ्या-चौथ्या ओळीत कर्सर ठेवून केली तर काही होत नाही, आणि माणूस शब्दाला दोष देतो.