सूर्याच्या पायात बूट कुठून आले?

अर्धपायरी:
उत्तर भारतातली जुनी सूर्यमूर्ती चटकन ओळखू येते. दोन्ही हातांत कमळं आणि पायात चक्क उंच बूट! पादत्राणं घालून गाभाऱ्यात उभा राहणारा दुसरा देव दाखवा. माझं मत: ऋग्वेदातल्या सूर्याला मूर्ती नव्हती, आज आपण पुजतो तो कुषाणांच्या (मध्य आशियातून येऊन उत्तर भारतावर राज्य केलेल्या राजांच्या) काळात आलेला इराणी देव. मथुरेच्या संग्रहालयातला बिनमुंडक्याचा कुषाण राजा कनिष्क बघा आणि तिथल्याच कुषाणकालीन सूर्यमूर्ती बघा. तोच अंगरखा, तेच जाडजूड बूट. 6व्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत सांगूनच ठेवलंय की सूर्याला 'उदीच्यवेष' द्यावा, म्हणजे उत्तरेकडचा पोशाख, पायापासून छातीपर्यंत झाकलेला. शिवाय त्याची प्रतिष्ठा 'मग' नावाच्या, म्हणजे मूळच्या इराणी, पुजाऱ्यांनी करावी.

पोथीवाचक:
पाय झाकण्याचं कारण मत्स्यपुराणात आहे, इराणपर्यंत जायला नको. सूर्याची बायको संज्ञा, तिला नवऱ्याचं तेज सोसेना, आपली सावली छाया हिला आपल्या जागी ठेवून ती निघून गेली. पुढे सूर्याला यंत्रावर चढवून त्याचं तेज तासलं. त्या तासलेल्या तेजातून विष्णूचं चक्र, शिवाचा त्रिशूळ, इंद्राचं वज्र झालं. पाय तेवढे राहिले, त्यांच्याकडे बघवेना. म्हणून मूर्तीत ते घडवू नयेत, घडवणाऱ्याला कुष्ठ होतं.

अर्धपायरी:
गोष्ट झकास, पण तीत बूट आहेत कुठे? पाय लपवायला धोतराचा घोळ पुरला असता, नाहीतर पाय रथाच्या आड ठेवता आले असते. शिल्पकारानं नेमके घोडेस्वाराचे बूटच का चढवले? मला तरी ही गोष्ट बूट बघितल्यावर सुचलेली वाटते.

दक्षिणवारी:
तुम्ही दोघं फक्त उत्तरेबद्दल बोलताय. दक्षिणेतला सूर्य अनवाणी असतो, त्याला ना बूट ना अंगरखा. तिथल्या मूर्तिकारांना कुष्ठाची भीती नव्हती म्हणायची का? आणि 'आज आपण पुजतो तो' म्हणजे नेमका कोणता? पंचायतनातला (घरच्या पाच देवांच्या पूजेतला) सूर्य म्हणजे स्फटिक. संध्येत अर्घ्य द्यायचं ते आकाशातल्या सूर्याला, आणि गायत्री (ऋग्वेद 3.62.10) सवित्याची. यात इराण कुठे बसवणार? मूर्तीचं म्हणाल तर बोधगयेच्या कठड्यावर कुषाणांच्या आधीचा सूर्य कोरलेला आहे, शेजारी बाण सोडणाऱ्या दोघी, उषा आणि प्रत्युषा. (भाज्याच्या लेण्यातला रथ मुद्दामच घेत नाही, तो सूर्याचा की नाही यावर वेगळा धागा निघेल.)

अर्धपायरी:
संध्येचा मुद्दा मान्य. 'आज आपण पुजतो' हे मागे घेतो, मूर्तीपुरतं बोलतो. पण बोधगयेच्या रथाला घोडे चार. ऋग्वेदात सात, ग्रीकांच्या सूर्याच्या रथाला चार. म्हणजे तिथेही पाहुणा आहेच.

शब्दवेडी:
मुळात 'परका' कुणाला म्हणायचं? वेदातला मित्र आणि अवेस्तातला (पारशांच्या धर्मग्रंथातला) मिथ्र एकाच घरातले. 'सूर्य' आणि फारसीत सूर्याला म्हणतात त्या 'खुर्शीद'मधला 'खुर' एकाच मुळाचे. त्याला आयात म्हणणं म्हणजे सख्ख्या मावशीला पाहुणी म्हणणं. आणि पुराणांनी काही लपवलेलं नाही. भविष्यपुराणात कृष्णाचा मुलगा सांब सूर्याच्या उपासनेनं कुष्ठातून बरा होतो, देऊळ बांधतो आणि पूजेसाठी शाकद्वीपातून मग आणतो. कोणार्क 13व्या शतकातलं, कुषाण जाऊन कितीतरी शतकं लोटलेली, तरी तिथल्या सूर्याच्या पायात बूट आहेतच. इतकी वर्षं घातल्यावर ते त्याचेच झाले की!

पोथीवाचक:
शाकद्वीप म्हणजे इराण हे कुणी ठरवलं? पुराणातली द्वीपं नकाशावर बसवायला गेलं की कुठेही बसतात.

शब्दवेडी:
द्वीप सोडा, कमरेकडे बघा. या मगांच्या कमरपट्ट्याला भविष्यपुराण 'अव्यंग' म्हणतं. अवेस्तात त्याला 'ऐव्याओंघन' म्हणतात, पारशी लोक आजही बांधतात ती कुस्ती. संस्कृतात अव्यंग म्हणजे 'व्यंग नसलेला'. हे कमरपट्ट्याचं नाव कसं होईल?

पोथीवाचक:
बरं, कमरपट्टा दिला तुम्हाला. बुटांचं अजून पटलेलं नाही.