मदत हवी आहे: तीन क्लासमध्ये तोच कोड, सामाईक बेस क्लास बनवू की वेगळा क्लास करू?

नमस्कार मंडळी,

जावामधलं पगारपत्रकाचं जुनं सॉफ्टवेअर माझ्याकडे आलंय. कायम, कंत्राटी आणि रोजंदारी कामगारांचे तीन क्लास, आणि व्यवसाय कराची मेथड (हिशोब करणारा कोडचा तुकडा) तिन्हींत जशीच्या तशी डकवलेली: महिन्याचा पगार 10,000 च्या वर असेल तर 200 रुपये, फेब्रुवारीत 300. एप्रिल 2023 पासून महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंत माफी मिळाली. तो बदल दोनच क्लासमध्ये केलाय, रोजंदारीत राहून गेलाय. बायकांचे पैसे विनाकारण कापले जाताहेत, हे मनाला फार लागतं.

मेथड अ‍ॅबस्ट्रॅक्ट बेस क्लासमध्ये, म्हणजे तिघांच्या सामाईक पालक क्लासमध्ये, न्यायचा विचार होता. पण रोजंदारीचा क्लास आधीच दुसऱ्या क्लासला एक्स्टेंड करतो (त्याचा वारसा घेतो), आणि जावात एका क्लासला दोन पालक क्लास चालत नाहीत. इंटरफेसमध्ये (क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या याचा करार) डिफॉल्ट मेथड, म्हणजे तयार कोडसह मेथड, लिहिता येते, पण इन्स्टन्स फील्ड (ऑब्जेक्टची स्वतःची साठवलेली माहिती) ठेवता येत नाही. मला तर कराचे टप्पे तारखेनुसार साठवायचेत. म्हणून 'व्यवसायकर' असा वेगळा क्लास करून तो तिघांना कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट तयार होतानाच) द्यावा, असं वाटतंय.

अडचण अशी की एकही युनिट टेस्ट (कोडचा छोटा भाग आपोआप तपासणारी चाचणी) नाही. आधी आहे त्याच आकड्यांवर टेस्ट लिहून घेऊ, की चुकीचा टप्पा लगेच दुरुस्त करू? कुणी हे केलं असेल तर कृपया क्रम सांगा.