मदत हवी आहे : दहावीतला भाचा सिगारेट ओढतो, दाजींना सांगावे का?

विश्रामबागचा मामा : माझा भाचा जूनपासून सांगलीत आमच्याकडे राहून शिकतो. परवा त्याची कंपासपेटी सहज उघडली, तर कंपासमधले पेन्सिल अडकवायचे कडे काळे पडलेले होते आणि त्याला सिगारेटचा वास येत होता. बोटांना वास लागू नये म्हणून ही पोरे सिगारेट त्या कड्यात अडकवून ओढतात, हे नंतर त्याच्याच तोंडून कळले. रविवारी दाजी जतहून येणार आहेत. त्यांना सांगितले तर ते त्याला बडवतील आणि शाळा सोडवून गावी नेतील. न सांगावे तर ताईला फसवल्यासारखे होईल. सांगावे की नाही, एवढेच लवकर कळवावे. उपदेश नको.

कृष्णाकाठ : दिवसाला किती ओढतो, कुठून घेतो, पैसे कोण देते, यातले आपण काहीच लिहिलेले नाही. मित्रांत एखादा झुरका मारणारा आणि सकाळी उठल्याबरोबर तल्लफ येणारा, या दोघांना एकच उत्तर कसे लागू पडेल?

विश्रामबागचा मामा : वय पंधरा. क्लास सुटल्यावर तिघांत मिळून एक ओढतो असे म्हणतो. खरे-खोटे तोच जाणे. शाळेशेजारच्या टपरीवर सुटी सिगारेट मिळते आणि वडापावसाठी दिलेले पैसे तिकडे जातात. आता तरी उत्तर द्यावे.

निवृत्त मास्तर : शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला आणि अठरा वर्षांखालील मुलाला ते द्यायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी विकण्यावर तर सप्टेंबर २०२० मध्येच बंदी आली. अख्ख्या पाकिटाचे पैसे या वयात खिशात नसतात, परंतु एकीपुरते तिघांत सहज जमतात, म्हणून खरे मूळ सुट्या विक्रीत आहे. आधी मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यावी, दाजींचे मागाहून पाहावे.

लाल माती : पहाटे साडेचारला तालमीत पाठवा. शंभर जोर काढताना दम लागला की सिगारेट आपोआप सुटते. माझी तशीच सुटली.

मिरजेच्या काकू : मास्तर, टपरी उठवली की ती चौकापलीकडे लागते, हे आपण मिरजेत अनेकदा पाहिले आहे. आणि लाल मातीवाले दादा, तालमीतून बाहेर पडून तंबाखू मळणारेही मी पाहिले आहेत. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा ज्यांनी कधीतरी सिगारेट ओढली होती त्यांतील ३८ टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस होण्याआधीच हातात घेतलेली निघाली. त्या वयाचे मूल एकटे टपरीवर उभे नसते, मोठ्यांच्या आजूबाजूला असते. मामा, आपल्या घरी कोण ओढते?

विश्रामबागचा मामा : मी ओढतो, रात्री जेवण झाल्यावर, गच्चीवर. ते लिहायला हवे असे वाटले नाही. पाऊस असला की छत्री देऊन पाकीट आणायला त्यालाच पाठवतो, हेही खरे आहे. पण माझा प्रश्न दाजींविषयी होता.

लाल माती : निकोटीनच्या गोळ्या मिळतात, त्या चघळायला द्या.

मिरजेच्या काकू : पंधरा वर्षांच्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसले काहीही देऊ नये.

कृष्णाकाठ : नववीत असताना माझ्या वडिलांनी मला पट्ट्याने फोडले होते. त्यानंतर मी बावीस वर्षे ओढली, फक्त त्यांच्या समोर नाही. म्हणून माझे मत असे की दाजींपर्यंत गोष्ट जावी, परंतु ती मुलाने आधी आईला सांगावी आणि त्या वेळी आपण शेजारी बसावे. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारा मोफत सरकारी क्रमांक आहे. त्यावर त्याला एकट्याला बोलायला न लावता आपण दोघांनी बोलावे, कारण सोडायची दोघांना आहे.

विश्रामबागचा मामा : काल रात्री गच्चीवर गेलो नाही, भाच्याने दोनदा विचारले, बरे वाटत नाही का म्हणून. शनिवारी त्यानेच ताईला फोन लावायचा, असे आमचे ठरले आहे. मात्र ताईचा फोन पुष्कळदा दाजीच उचलतात. तसे झाले तर पोराने काय बोलावे, हे कोणी सांगेल का?