जबड्यातल्या नसेची गाठ, कोणाला माहिती आहे का?

ऐरोलीहून विचारतेय. मामांचा खालचा ओठ चार महिने बधिर, दाढेचं असेल म्हणून दाढ काढली तरी तसंच, मग सूज आली न आता बायोप्सीत 'मॅलिग्नंट पेरिफेरल नर्व्ह शीथ ट्यूमर' आलंय. तंबाखूला कधी हात लावला नाही हो त्यांनी!

» ताई, हा तंबाखूवाला कॅन्सर नाहीच. तो तोंडाच्या अस्तरातून येतो, हा नसेच्या आवरणातून, म्हणजे सार्कोमा (स्नायू, नसा, हाडं अशा भागांतून येणारा कॅन्सर). खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी नसच ओठ-हनुवटीला संवेदना देते, म्हणून बधिरपणा. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग, मऊ गाठी आहेत का? साधारण निम्म्या केसेस एनएफ-१ (असे डाग-गाठी येणारा जनुकीय आजार) वाल्यांत असतात, डॉक्टरांना सांगाच.

» बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या आणि सेकंड ओपिनियन घ्या, मायक्रोस्कोपखाली हा इतर सार्कोमांसारखा दिसतो. परळचं टाटा नाहीतर खारघरला त्यांचंच कॅन्सर सेंटर अ‍ॅक्ट्रेक, आधी चौकशी करून जा. छातीचा सीटी पण सांगतील, फुफ्फुसात पसरू शकतो.

» मेन इलाज ऑपरेशनच, आजूबाजूचा भाग धरून काढतात, जबड्याला पायाचं फिब्युला हाड लावता येतं. बऱ्याचदा नंतर रेडिएशन.

थँक्यू सगळ्यांना. डाग आहेत पाठीवर, आम्ही लहानपणापासून जन्मखुणाच समजत होतो.