स्पर्धेच्या नावातला बिल्डर बातमीत छापायचा का? क्रीडा पानवाल्यांनी सांगा

कोपरीचा बाळ्या:
मी ठाण्यात एका साप्ताहिकासाठी खेळाच्या बातम्या लिहितो, मानधन म्हणजे नावालाच, आवड म्हणून करतो. मागच्या महिन्यात एका टेनिस बॉल क्रिकेट टुर्नामेंटची बातमी दिली. बॅनरवरचं नाव एका दमात वाचता येणार नाही एवढं, आधी बिल्डर, मग नेत्याचं नाव, मग कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, मग चषक, आणि खाली 'पॉवर्ड बाय' म्हणून एक फरसाणवाला. मी बिल्डर, नेता आणि फरसाण तिघांना उडवलं, नुसतं 'स्मृती चषक' लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी आयोजकांचा फोन, 'अरे त्यांनी पैसे दिले म्हणून तर मॅच झाल्या ना'. संपादक म्हणतात तुझं तू बघ. मोठ्या पेपरात पाहिलं तर हेडिंगला नुसतं आयपीएल असतं, आणि टीव्हीवर मात्र दर दोन मिनिटाला टाटा आयपीएल. मग नियम नक्की कोण ठरवतं?

नेरूळचा नाना:
बाळ्या, बरीच वर्षं स्पोर्ट्स डेस्कवर काढली आहेत म्हणून सांगतो. बातमीदार नाही ठरवत, डेस्क ठरवतं, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या तपासणारे, हेडिंग देणारे, आणि तिथेही लिहिलेला नियम क्वचितच असतो, सवय असते. आमची कसोटी सोपी होती: प्रायोजक काढला तर वाचकाला स्पर्धा ओळखू येते का? येत असेल तर काढायचा. आयपीएलचंच बघ, आधी डीएलएफ, मग २०१३ पासून पेप्सी, मग विवो, २०२० ला एक वर्ष ड्रीम इलेव्हन, परत विवो, २०२२ पासून टाटा. दरवेळी आम्ही नाव बदलत बसलो असतो तर जुनी कात्रणं शोधणं अशक्य. आणि सिंगल कॉलम हेडिंगमध्ये जागा किती असते रे, सात आठ अक्षरं.

पण उलटं पण आहे. १९९३ चा हिरो कप, १९९६ चा टायटन कप, २००२ ची नॅटवेस्ट, यातून कंपनी काढ आणि काय उरतं ते सांग. एक पाच देशांची स्पर्धा आणि दोन तिरंगी मालिका! अशा तिरंगी मालिका तेव्हा वर्षाला चार व्हायच्या. सचिनने साउथ आफ्रिकेविरुद्ध टाकलेली ती शेवटची ओव्हर हिरो कपचीच, आणि दादा गांगुलीने लॉर्ड्सवर शर्ट फिरवला ती नॅटवेस्टच. तिथे कंपनीचं नाव हेच स्पर्धेचं नाव, म्हणून बिनदिक्कत छापायचो.

लेगबाय ऐरोली:
नाना तुमची कसोटी शारजात मार खाते. १९९८ ची सचिनची वादळातली इनिंग कोका-कोला कपमधली, पण एक माणूस दाखवा जो कोका-कोला कप म्हणतो. सगळे शारजाच म्हणतात. आणि १९८३ चा वर्ल्डकप अधिकृत प्रुडेन्शियल होता, आपण ८३ चा वर्ल्डकप म्हणतो, पण ८७ चा आला की माझे बाबा आजही रिलायन्स कपच म्हणतात. म्हणजे ठरवतो शेवटी वाचक, डेस्क नंतर त्याच्या मागे जातं.

टीव्हीचं सोड बाळ्या. पहिल्या काही आयपीएलमध्ये सिक्स गेला की डीएलएफ मॅक्सिमम आणि कॅच घेतला की कार्बन कमाल कॅच म्हणायला लावायचे आठवतंय ना, चांगले चांगले माजी कॅप्टन बिचारे ते बोलत होते. ती कॉमेंट्री विकलेली जागा असते, बातमी विकलेली नसते. निदान नसावी.

नेरूळचा नाना:
शारजाचा पॉइंट मान्य. तिथे गावाचं नाव आधीच इतकं मोठं होतं की कपची गरजच नव्हती.

खैरणे स्पोर्ट्स:
मी आयोजकांकडचा माणूस, कोपरखैरण्यात दरवर्षी अंडरआर्म क्रिकेट स्पर्धा भरवतो, म्हणून दुसरी बाजू. लाइट, अंपायर, मंडप, बक्षिसं, सगळं प्रायोजकाच्या पैशातून. पुढच्या वर्षी त्याच्याकडे गेलो की तो म्हणतो कात्रण दाखव. कात्रणात त्याचं नाव नसलं की तो नवरात्रीच्या मंडळाला पैसे देतो, खेळाला नाही. आम्हाला हेडिंगमध्ये नको, पण आत एकदा तरी लिहा की. आणि नाना, मुंबईतल्या कंपन्यांच्या क्रिकेटची टाइम्स शील्ड तुम्ही टाइम्स शील्ड म्हणूनच छापायचात ना? ते तर पेपरचंच नाव. मग पेपरचं चालतं आणि बिल्डरचं नाही, हे कसं?

नेरूळचा नाना:
हा हा, बरोबर पकडलंस. पण त्या स्पर्धेला दुसरं नावच नाही रे, जसं मुंबईतल्या क्लबांची कांगा लीग, शाळांची जाइल्स शील्ड, हॅरिस शील्ड. फरक एवढाच की ती माणसांची नावं. तुझं म्हणणं मात्र रास्त आहे, आत एक वाक्य द्यायला काही हरकत नाही. मुंबई मॅरेथॉनला पण तेच, आधी स्टॅन्डर्ड चार्टर्ड होती, २०१८ पासून टाटा, बातमीत मुंबई मॅरेथॉन आणि एकदा कुठेतरी प्रायोजक. आणि प्रायोजकच बातमी असेल तर थेट हेडिंगला, २०२० ला गलवानच्या चकमकीनंतर चिनी विवो बाजूला झालं तेव्हा काय लपवणार होतो?

गावदेवी गल्ली:
स्टेडियमचं काय पण? २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या पोरींनी वर्ल्डकप जिंकला, कोणी 'डॉ. डी. वाय. पाटील स्पोर्ट्स अकादमी' म्हणालं का, डी वाय पाटील झालं काम. ते प्रायोजकाचं नाही, संस्थेचंच नाव आहे तरी छोटं केलंच. दिल्लीचं कोटला पण २०१९ ला अरुण जेटली स्टेडियम झालं, तरी आमच्या ग्रुपवर कोटलाच. तिकडे युरोपात मज्जा, म्युनिकचं विमा कंपनीच्या नावाचं अलियान्झ अरेना २०२४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेला 'म्युनिक फुटबॉल अरेना' झालं होतं, कारण स्पर्धेच्या प्रायोजकांत ती कंपनी नव्हती. २०१२ च्या ऑलिम्पिकला लंडनचं मोबाइल कंपनीच्या नावाचं ओटू पण नॉर्थ ग्रिनिच अरेना. म्हणजे स्वतःचा प्रायोजक आला की दुसऱ्याचा पुसायचा, पत्रकार मधल्या मध्ये.

आणि इंग्लंडचा फुटबॉल क्लब न्यूकॅसल! २०११ ला त्यांच्या मैदानाचं, सेंट जेम्सेस पार्कचं, नाव बदलून दुकानाचं ठेवलं, फॅन्स असले भडकले, वर्षभरात जुनं नाव परत. ते परत आणायला पण दुसऱ्याच प्रायोजकाने पैसे दिले, आता बोला.

कोपरीचा बाळ्या:
थँक्स सगळ्यांना. मग असं करतो, हेडिंगला आणि पहिल्या परिच्छेदात स्मृती चषक, खाली शेवटी एक ओळ की प्रायोजक अमुक होते. फायनलची बातमी तशीच दिलीय. बिल्डरकडून निरोप आला की पुढच्या वेळी जाहिरात देऊ, पण नाव हेडिंगला पाहिजे.

नेरूळचा नाना:
जाहिरात घेऊ दे संपादकांना, पण ती चौकटीत आणि वर 'जाहिरात' असं छापून. बातमीच्या हेडिंगला एकदा सौदा केलास की मग प्रत्येक मंडळ तोच भाव सांगेल.

कोपरीचा बाळ्या:
ओके. अजून एक, फरसाणवाल्याला ती एक ओळ एवढी आवडली की त्याने अर्धा किलो शेव पाठवली घरी. चालेल ना?

नेरूळचा नाना:
परत पाठव.

कोपरीचा बाळ्या:
आईने सकाळीच मिसळीत घातली.