फुकटचे व्हिडिओ डाउनलोडर एक्स्टेन्शन : तुमचे अनुभव लिहा

सांजवारा
काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकीने विचारलं, "आरत्यांचे व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवायचेत, कुठलं एक्स्टेन्शन बरं?" लगेच धडाधड नावं आली, सगळी फुकटची. मला एकदम आईचा लॅपटॉप आठवला.

आई देवरुखजवळ राहते. दुपारी कीर्तन ऐकायची सवय, आणि रेंज म्हणाल तर वाऱ्यावर. म्हणून भावाने तिच्या ब्राउझरला एक डाउनलोडर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, लावून दिलं होतं. बरेच दिवस छान चाललं. मग एकदा तिचा फोन. "अगं, गूगलने रूप बदललंय का? काही शोधलं की आधी सगळ्या जाहिरातीच येतात." सुट्टीत गेले तेव्हा बघितलं, सर्च इंजिनच दुसरं बसलेलं. गूगल परत लावावं, तर सकाळी पुन्हा तेच. आईने नवीन काहीच टाकलं नव्हतं. तेच जुनं एक्स्टेन्शन, तोच हिरवा बाण. ते काढलं आणि सगळं जागेवर आलं.

इतके दिवस सरळ वागणारी गोष्ट मध्येच अशी का फिरते? आणि ही फुकट देणारी मंडळी जगतात तरी कशावर? चांगले अनुभवही लिहा.

वडापाव_एक्स्प्रेस
आरत्या डाउनलोड कशाला करायच्या? लोकांना पाठ नाहीत?

सांजवारा
पहिल्या दोन येतात हो. तिसरीपासून नुसत्या टाळ्या.

नेटका
आयटीत आहे म्हणून जरा लांबण लावतो. मध्येच का फिरते, तर बऱ्याचदा मालक बदलतो म्हणून. एखादा पोरगा हौसेने एक्स्टेन्शन बनवतो, लाखभर लोक घेतात, की त्याला "विकतोस का" अशा मेल यायला लागतात. विकलं की नवा मालक अपडेट पाठवतो, ब्राउझर गुपचूप ते घेतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. परवानगी आपण जुन्या मालकाला दिलेली, तीच पुढे चालू. फ्लॅट विकला गेला, पण कुलूप तेच, असा प्रकार.

'द ग्रेट सस्पेंडर'चं हेच झालं. ते व्हिडिओचं नव्हतं, टॅब झोपवायचं होतं, पण भलतं लोकप्रिय. २०२० मध्ये हात बदलले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, म्हणून काढून टाकलं.

व्हिडिओवाल्यांचं ताजं नाही, पण मोठं प्रकरण डिसेंबर २०२० चं. अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीच्या लोकांनी क्रोम आणि एज या ब्राउझरांवरची २८ घातक एक्स्टेन्शन पकडली. त्यांतली बरीचशी फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हिमिओवरून व्हिडिओ उतरवायची. एकूण डाउनलोड ३० लाखांच्या आसपास. टाकल्यावर पहिले ३ दिवस गप्प बसायची. वापरणारा वेब डेव्हलपर आहे असा वास आला तर काहीच करायची नाहीत. म्हणजे माझ्या मशीनवर गुणी बाळ, आणि आईंच्या मशीनवर धिंगाणा.

मीनल_ठाणे
मोठं आहे, रात्री वाचते. कुकर लावलाय. मुलाच्या लॅपटॉपवर खाली कोपऱ्यात सारखं येतं, तुमच्या कॉम्प्युटरला ५ व्हायरस. ते पण हेच का??

नेटका
घड्याळाच्या बाजूला येतं ना? मग बहुतेक कुठल्यातरी साइटला सूचना पाठवायची परवानगी दिली गेलीय. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन. अनोळखी नावं दिसतील ती उडवा. त्या सूचनेवर मात्र क्लिक करू नका.

माणदेशी_मास्तर
आमचा अनुभव चांगला आहे, तोही लिहितो. शाळेत नेट नाही. मी घरी फायरफॉक्सवर 'व्हिडिओ डाउनलोडहेल्पर' वापरत आलोय, पेनड्राइव्ह भरून शाळेत नेतो. कधी त्रास नाही. फक्त ते सोबत एक वेगळं सॉफ्टवेअर टाकायला सांगतं, तिथे नवखे लोक बिचकतात. क्रोमवर तेच एक्स्टेन्शन यूट्यूबला हात लावत नाही, क्रोमच्या स्टोअरचा नियमच तसा आहे. त्यामुळे क्रोमवर कोणी "यूट्यूब एका क्लिकमध्ये" म्हणत आला, की तो नियम चुकवून आत शिरलाय हे धरून चालायचं.

आता सरकारच्या दीक्षा ॲपवर बरंच मिळतं. पुस्तकातला क्यूआर स्कॅन करा, ॲपमध्येच उतरवून ठेवा. चौथीच्या पोरांना परिसर अभ्यासचे व्हिडिओ भारी आवडतात. एका पोराने विचारलं, "गुरुजी, यातल्या नदीला बारा महिने पाणी कसं?" काय सांगणार.

सांजवारा
मास्तर, या प्रश्नावर वेगळा धागा काढा.

वडापाव_एक्स्प्रेस
+१

साधा_माणूस_६१
स्टोअरमध्ये आहे म्हणजे गूगलने तपासलेलंच असणार की. रेटिंग ४.७. लाखो लोक काय वेडे आहेत का?

कोल्हापुरी_ठसका
काका, लाखो लोकांचं सेव्हफ्रॉमचं व्हिडिओ उतरवायचं एक्स्टेन्शन होतं. डिसेंबर २०२० मध्ये यांडेक्स या रशियन कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये ते बंद केलं. कारण काय दिलं, तर मागच्या मागे लपून व्हिडिओ चालवतं, बघणाऱ्यांचे आकडे फुगवायला. वापरणाऱ्याला कळणार कसं? डाउनलोड तर व्यवस्थित होत होतं! तो पाच तारे देणारच.

माझ्याकडे वेगळंच एक होतं, नाव नको. काही न करता पंखा असा घोंघावायचा की बायको म्हणायची, गिरणी बंद कर. एक्स्टेन्शन काढलं आणि लॅपटॉप गार.

साधा_माणूस_६१
असेल. आमच्या काळात कॅसेट भरून द्यायचा दुकानदार. बाजूवर गाणी लिहूनसुद्धा द्यायचा. अक्षर मोत्यासारखं.

परुळेकरीण
जरा वेगळं. माझ्या काकांचं दशावतारात काम होतं, त्यांचे रात्रीचे प्रयोग मी माझ्याच चॅनेलवर टाकले होते. मग हार्ड डिस्क गेली. आता आपलेच व्हिडिओ परत आणायला जो तो मला एक्स्टेन्शन सुचवतोय! गरजच नाही. यूट्यूब स्टुडिओत जायचं, व्हिडिओच्या नावाशी तीन टिंबं, तिथे डाउनलोड. चित्र थोडं कमी दर्जाचं येतं. मूळ फाइल हवी तर गूगल टेकआउट, म्हणजे आपला डेटा परत घ्यायची गूगलचीच सोय, तिथून मागवायची. सगळं परत मिळालं. संकासुराच्या एंट्रीला मागे कुत्रं भुंकतंय तेसुद्धा.

मीनल_ठाणे
दशावतार!! लिंक द्या ना. माझं माहेर कुडाळ

परुळेकरीण
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

डोंबिवली_फास्ट
मी एक्स्टेन्शनच्या भानगडीतच पडत नाही. व्हिडिओ उतरवायचा एक वेगळा प्रोग्राम वापरतो, yt-dlp. मराठीत काय लिहू, वायटी-डीएलपी. कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडायची, नाव टाइप करायचं, पुढे लिंक चिकटवायची, एंटर. फुकट आहे आणि कोड उघड्यावर आहे, कोणीही वाचावा. याचा थोरला भाऊ यूट्यूब-डीएल, त्याला ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने गिटहबवरून, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवरून, काढायला लावलं होतं. नोव्हेंबरात परत आला. लोकलमध्ये बघायला रात्री भरून ठेवतो. बाजूचा माणूस खांद्यावरून बघतो आणि कल्याणला मी उठलो की विचारतो, पुढे काय झालं.

वकीलसाहेब_नागपूर
यूट्यूबच्या अटींनुसार त्यांनी दिलेल्या बटणाशिवाय डाउनलोड करता येत नाही, हे कोणीच बोलत नाहीये.

वडापाव_एक्स्प्रेस
साहेब आले, पेनड्राइव्ह लपवा.

गृहकृत्यदक्ष
एक शंका. टाकताना ते विचारतं ना, सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे. सगळ्या म्हणजे बँकेची पण?

नेटका
हो. पान तुमच्या स्क्रीनवर उघडलं की ते त्यालाही वाचता येतं. बँकेचं कुलूपबिलूप वाटेतल्या चोरासाठी, हा घरात बसलेला. म्हणून मी दोन ब्राउझर ठेवलेत. एकात बँक, मेल आणि आयकर, त्यात एकही एक्स्टेन्शन नाही. दुसऱ्यात बाकीचा बाजार. तेवढं जमत नसेल तर क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात 'क्लिक केल्यावरच' असा पर्याय आहे, तो निवडा. म्हणजे तुम्ही बोलावल्याशिवाय ते पानाला हात लावत नाही.

आणि नुसता मालक बदलतो असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये चोरांनी एक्स्टेन्शन बनवणाऱ्यांनाच खोट्या मेल पाठवून फसवलं आणि त्यांच्या नावावर अपडेट सोडले. सायबरहेवन ही सुरक्षेचीच कंपनी, तिचं एक्स्टेन्शनही त्यात सापडलं. बनवणारा सज्जन असूनही.

गृहकृत्यदक्ष
बापरे. मिस्टरांच्या लॅपटॉपवर वर कोपऱ्यात नुसती रांग लागलीय चिन्हांची. संध्याकाळी बघते.

सांजवारा
सोसायटीच्या ग्रुपवर इथलं थोडं टाकलं. उत्तर आलं, "ताई, तुम्ही फार विचार करता, आम्ही टाकलंसुद्धा."

कोल्हापुरी_ठसका
हा हा हा. श्रावण संपायच्या आत फोन येतोय बघा तुम्हाला.

मीनल_ठाणे
नेटका दादा थँक्यू, व्हायरसचं बंद झालं!! सात-आठ नावं होती, सगळी उडवली. एक क्रिकेटच्या साइटचं होतं, मुलगा चिडलाय. आता प्रिंटर मध्येच कोरी पानं काढतोय. त्याचा धागा आहे का?

नेटका
नवा काढा. इथे विचारलंत तर धागा भरकटेल.

माणदेशी_मास्तर
अजून भरकटायचा राहिलाय का?